शिकारी ढेकणाचं अंडं: झाकणापासून वाचायला सुरुवात करा

सोयाबीनच्या पानाखाली तंबाखूची पानं खाणारी अळी (स्पोडोप्टेरा) निर्जीव लोंबकळत असेल, तिच्या अंगात सोंड खुपसून एक तपकिरी, खांद्यांवर काटे असलेला कीटक निवांत बसला असेल, तर तो बहुधा इओकॅन्थेकोना फर्सेलाटा. जुन्या कृषी पुस्तकांत याचंच नाव कॅन्थेकोना किंवा कॅन्थेकोनिडिया असं सापडतं. हा स्टिंक बगच्या कुळातला, पण झाडाचा रस पिऊन नुकसान करणारा नव्हे. अळ्यांचा रस शोषणारा हा शिकारी ढेकूण आहे.

प्रौढ ओळखणं फारसं अवघड नाही. अडचण अंड्यांची आहे. त्याच शेतात हिरव्या ढेकणाची अंडी असतात, इतर रसशोषक ढेकणांची असतात, ढालकिड्यांची आणि पतंगांचीही असतात. नवखा माणूस सगळ्यांना एकच समजतो. मग मित्रकीटकाचा पुंज चिरडला जातो आणि किडीचा पुंज जपून डबीत ठेवला जातो. हा लेख अंडं ओळखणं, उबवणं आणि आत काय चाललंय ते बाहेरून समजून घेणं, एवढ्यापुरताच आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: अंड्याच्या रंगाकडे नंतर बघा, आधी झाकण बघा. हवा, शुक्रजंतू, पिल्लू आणि परजीवी, सगळ्यांचा जाण्यायेण्याचा हिशोब झाकणापाशीच लिहिलेला असतो.

एक सावधगिरीही आधीच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात, कोसा काढतात. तिथे हाच ढेकूण शत्रू आहे, कारण टसरची कोवळी अळी त्याच्या दृष्टीने इतर अळ्यांसारखीच. त्यामुळे वाढवलेले ढेकूण कोशाच्या रानाजवळ सोडायचे नाहीत. तिथे सापडलेले अंडीपुंज पानासकट तोडून काढणं हेच योग्य. सोयाबीन किंवा कपाशीत मात्र तोच पुंज हात न लावता राहू द्यावा.

जमवाजमव

१० पटीचं हातभिंग लागेलच. झाकणावरच्या नळ्या मोजायच्या असतील किंवा आतल्या भ्रूणाची हालचाल बघायची असेल तर २० ते ४० पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा. मोबाइलला जोडायचं मॅक्रो भिंग फोटोपुरतं ठीक, पण त्याच्या जोरावर निष्कर्ष काढू नका. त्याशिवाय ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिश, गाळणकागद, शून्य-शून्य-शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, बारीक चिमटा, नवं दाढीचं पातं, तापमापक आणि घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा.

डब्यातली आर्द्रता सांभाळायला महागडं यंत्र नको. १०० मिली पाण्यात ५० ग्रॅम साधं मीठ घालून ढवळा. सगळं मीठ विरघळणार नाही, आणि तसंच हवं. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसतंय तोवर हे द्रावण बंद डब्यातली हवा ७५ टक्के आर्द्रतेच्या आसपास धरून ठेवतं, खोलीचं तापमान थोडं वरखाली झालं तरी. वाटीभर द्रावण डब्याच्या तळाशी, त्यावर जाळी, जाळीवर पेट्री डिश. डिश आणि द्रावण यांचा स्पर्श होता कामा नये. डबा दिवसातून एकदा उघडून हवा बदला. आतली अंडी श्वास घेत असतात, हे विसरलं जातं.

अंडी मिळवणं

शेतातून आणायची तर सकाळी ऊन चढायच्या आत जा. ज्या झाडावर अळ्यांची गर्दी आहे, पानं जाळीदार झाली आहेत, तिथे आधी बघा. मादी अन्नाजवळ अंडी घालते. पुंज पानावर रांगा लावल्यासारखा असतो, अंडी एकमेकांना चिकटून उभी. पुंज सोलून काढू नका. पानाचा तुकडा कापा आणि पुंजाभोवती चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर पान राहू द्या.

हा तुकडा तसाच ठेवला की दुसऱ्या दिवशी सुकून गुंडाळी होते, पुंज वाकतो, कडेची अंडी सुटतात किंवा चेपतात. म्हणून पान ताजं असतानाच त्याची कड दुपट्टी टेपने गाळणकागदावर सपाट चिकटवा. टेप अंड्यांपासून दूर ठेवा. नाहीतर निघालेलं पिल्लू थेट टेपवर चालत जातं आणि तिथेच अडकतं.

बरणीत मादीकडून अंडी घ्यायची असतील तर एक लिटरच्या बरणीत एक नर, एक मादी. तोंडाला मलमलीचं कापड. आत दोन सेंटिमीटर रुंदीच्या, घड्या घातलेल्या कागदी पट्ट्या, ओल्या कापसाचा बोळा आणि एखादी कोवळी डहाळी. खाद्य म्हणून रोज दोन-तीन मध्यम वाढीच्या अळ्या. ट्रायकोकार्ड (शेतात लावायचं मित्रकीटकांचं कार्ड) बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कॉर्सिरा या तांदळातल्या पतंगाच्या अळ्या सहज मिळतात, त्या चालतात. मेणपतंगाच्या अळ्याही चालतात. स्पोडोप्टेराची मोठी अळी जिवंत टाकली तर ती धडपडते, कागद कुरतडते, कधी ढेकणालाच ढकलून देते. त्यापेक्षा ती क्षणभर गरम पाण्यात बुडवून, टिपून मग द्या. उरलेलं प्रेत दुसऱ्या दिवशी काढलंच पाहिजे. बरणीतली बुरशी तिथूनच सुरू होते.

नर-मादी दोन्ही ठेवण्याचं कारण नीट समजून घ्या. मादी नराशिवायही अंडी घालते, दिसायला तीही चांगलीच असतात, पण त्यातून काही निघत नाही. शेतातून आणलेल्या मादीने आधीच मिलन केलेलं असू शकतं, ती एकटीही फळती अंडी देईल. तुमच्याच बरणीत कात टाकून प्रौढ झालेली मादी मात्र एकटी ठेवलीत तर आठवडा वाया जाईल.

पट्ट्या रोज तपासा आणि अंडीपुंज असलेली पट्टी लगेच बाहेर काढा. भूक लागली की हे प्रौढ स्वतःच्याच अंड्यांत सोंड घालतात. शिकारी किड्याकडून जास्त संयमाची अपेक्षा ठेवू नये.

पुंजातल्या अंड्यांची संख्या बदलत असते, मादीच्या वयावर आणि पोटभर खाण्यावर ती अवलंबून आहे. या कुळातल्या मादीच्या प्रत्येक अंडाशयात सात नळ्या असतात, दोन्ही मिळून चौदा. म्हणून काही जातींत पुंज १४ च्या पटीत पडतो. तपकिरी मार्मोरेटेड स्टिंक बगच्या पुंजात २८ अंडी वारंवार दिसतात ती याच हिशोबाने. शिकारी ढेकणांत हे गणित इतकं काटेकोर जुळत नाही. तेव्हा २५ अंडी मोजलीत म्हणून तीन हरवली असं समजू नका.

एक अंडं जवळून

भिंगाखाली एकच अंडं निवडा, पुंजाच्या कडेचं. तिथे बाजूही दिसते.

आकार रांजणाचा, उंची साधारण एक मिलिमीटर. बूड पानाला चिकटलेलं, तोंड वर. रांजणाच्या तोंडावर गोल, थोडं फुगीर झाकण. झाकणाच्या काठावर गोलाकार ओळीत उभे राहिलेले, बाहेर वळलेले पांढुरके धागे. पापण्यांच्या केसांसारखे दिसतात, पण ते केस नाहीत. त्या पोकळ नळ्या आहेत. प्रत्येक नळीच्या मध्यातून एक अतिशय बारीक वाट आत जाते आणि तिच्याभोवती हवा धरणारं स्पंजासारखं अस्तर असतं. म्हणजे एकाच नळीत दोन कामं: शुक्रजंतूला आत जायचा रस्ता आणि अंड्याचा श्वास.

शुक्रजंतूसाठी वेगळा रस्ता का लागतो? अंड्याचं कवच मादीच्या अंडाशयातच पूर्ण तयार होतं, फलन नंतर होतं. अंडं बाहेर येताना मादीने साठवून ठेवलेल्या शुक्रजंतूंच्या पिशवीच्या तोंडावरून सरकतं. तोवर भिंत बंद झालेली असते, उघड्या असतात त्या फक्त या नळ्या.

झाडाचा रस पिणाऱ्या हिरव्या ढेकणाच्या अंड्यालाही अशा नळ्या असतात, पण आखूड, गुंडीसारख्या, भिंग नसेल तर नुसता खडबडीत काठ वाटावा अशा. शिकारी ढेकणांत त्या लांब आणि ठळक असतात. शेतात ओळख पटवायची सगळ्यात भरवशाची खूण हीच. हिरव्या ढेकणाचा पुंज बहुधा फिकट पिवळसर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी रचलेला आणि मोठा असतो, पिल्लं निघायच्या आधी गुलाबी होतो. ढालकिड्याची अंडी पिवळी, टोकदार, झाकणच नसलेली. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाचं अंडं दोऱ्यासारख्या देठाच्या टोकावर. तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग आपला पुंज अंगावरच्या मळकट केसांनी झाकून ठेवतो. यातलं काहीही लांब नळ्यांच्या कंगोऱ्याशी गल्लत करण्यासारखं नाही, फक्त भिंग हातात हवं.

आता भिंतीकडे. कवचाला थर असतात: बाहेर कठीण आणि नक्षीदार, आत हवा खेळवणारा, त्याच्याही आत पातळ पडदे. झाकण आणि भिंत यांच्या सांध्यावर, नळ्यांच्या ओळीच्या जरा खाली, एक कमकुवत रेष असते. कुपीच्या मानेवर असते तशी. पिल्लू बाहेर पडताना भिंत तिथेच फाटते. चिमट्याने अंडं उचलताना नेमका याच रेषेवर दाब आला की झाकण वेळेआधी उचकटतं आणि अंडं वाळून जातं. म्हणून चिमटा अंड्याला लावायचाच नाही, कागदाला किंवा पानाला लावायचा.

पुंज दुसऱ्या पृष्ठभागावर हलवणं टाळता येत नसेल तर पहिला दिवस जाऊ द्या. मादी अंड्यांवर जो चिकट स्राव लावते तो वाळून पुंज एकसंध होतो. मग पात्याची धार पुंजाच्या बुडाखालून सपाट सरकवा, पूर्ण पुंज तराफ्यासारखा एका तुकड्यात सुटतो. एकेक अंडं वेगळं करायच्या नादी लागलात तर शेजारच्या अंड्याच्या भिंती ओरबाडल्या जातात.

रंगाचं काय

रंगावर विसंबू नका, पण रंग निरर्थकही नाही. उत्तर अमेरिकेतल्या पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस या शिकारी ढेकणावर मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये करंट बायॉलॉजी या नियतकालिकात एक अजब गोष्ट प्रसिद्ध केली. एकच मादी पानाच्या वरच्या बाजूला गडद आणि खालच्या बाजूला फिकट अंडी घालते, म्हणजे अंड्याचा रंग ती जागा बघून ठरवते. गडद रंगद्रव्य अतिनील किरणांपासून भ्रूणाला वाचवतं. ते मेलॅनिन नाही, हेही त्यांनी दाखवलं.

याचा आपल्याला उपयोग असा: पुंज फिकट की काळपट एवढ्यावरून जात, वय किंवा परजीवी ठरवू नका. एकाच पुंजातली अंडी एकमेकांशी ताडून बघा. चाळीस अंडी एका छटेची आणि मध्येच पाच वेगळी, तर त्या पाचांकडे लक्ष द्या. सगळीच गडद असतील तर ती बहुधा तशीच घातलेली आहेत. घातल्यानंतर पहिल्या काही तासांत छटा थोडी बदलते, म्हणून पहिली नोंद दुसऱ्या दिवशी घ्या.

आत काय घडतं आणि बाहेरून काय दिसतं

२६ ते २८ अंश सेल्सिअसला अंडं उबायला साधारण आठवडा लागतो, एक-दोन दिवस इकडेतिकडे. विदर्भातल्या थंडीत उघड्या खोलीत ठेवलं तर हा काळ बराच लांबतो. म्हणून दिवस पाठ करण्यापेक्षा टप्पे ओळखायला शिका.

पहिल्या एक तृतीयांश काळात बाहेरून काहीच दिसत नाही. आत बलकावर पेशींचा थर तयार होतो आणि त्यातून भ्रूणाची पट्टी बुडाकडच्या टोकाने बलकात शिरते. गंमत म्हणजे या वेळी भ्रूणाचं डोकं रांजणाच्या बुडाकडे असतं, अगदी उलटं. भ्रूणाभोवतीच्या पडद्यातून कवचाच्या आतल्या बाजूला आणखी एक आवरण बनतं. या काळात पुंजाला धक्का, ऊन, कोरडी हवा काहीही नको. भिंग लावून पुन्हापुन्हा बघण्यात अर्थ नाही. नवख्यांचा सगळ्यात जास्त उपद्रव इथेच होतो.

साधारण अर्धा काळ सरल्यावर मोठी घडामोड होते. बाहेरचा पडदा आकसतो, भ्रूणाला ओढत नेतो आणि भ्रूण कोलांटी मारल्यासारखा फिरून डोकं झाकणाकडे आणतो. यानंतर बलक त्याच्या पोटात येतो. ही कोलांटी फसली तर ते पिल्लू कधीच बाहेर पडत नाही, कारण कवच फोडायचं हत्यार झाकणाखाली नसतं. अशा अंड्यात डोळ्यांचे ठिपके झाकणाजवळ न दिसता बुडाकडे किंवा मध्येच कुठेतरी दिसतात. पुंजातली एखाद-दोन अंडी अशी निघाली तर काळजी नाही. बरीच निघाली तर तापमान मध्ये फार चढलं होतं का ते तपासा.

फिकट अंड्यात यानंतर झाकणाच्या खाली दोन लाल ठिपके उमटतात. ते डोळे. पाठोपाठ दोघांच्या मध्ये काळसर, इंग्रजी टी अक्षरासारखी किंवा त्रिकोणी आकृती गडद होत जाते. हाच अंडं फोडायचा दात. तो पिल्लाच्या अंगाचा भाग नाही, त्याच्या अंगावरच्या पातळ भ्रूणवेष्टनाला जोडलेला असतो. दोन लाल ठिपके आणि काळी आकृती दोन्ही दिसू लागली की पिल्लू एक-दोन दिवसांत येणार असं समजून पाण्याची सोय करून ठेवा.

अंडी गडद असतील तर हे काही दिसत नाही. अशा वेळी पुंजातलं एक अंडं खर्ची घालायची तयारी ठेवा. ते वेगळं काढून थोड्या पाण्यासह छोट्या कुपीत ठेवा, कुपी एक ते तीन मिनिटं उकळत्या पाण्यात धरा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. बलक घट्ट होतो, भ्रूण पडद्यांपासून सुटतो. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून दोन बारीक सुयांनी आधी झाकण काढा आणि भिंत वरून खाली सोला. कच्चं अंडं सोलायला गेलात तर बलक फुटून सगळं दुधाळ होतं आणि हाती काही लागत नाही. एकाच पुंजातून रोज एक अंडं असं शिजवून ठेवलं तर आठवड्याभरात भ्रूणाच्या वाढीचा पूर्ण संच तयार होतो. विद्यार्थ्यांना यापेक्षा स्वस्त प्रात्यक्षिक सापडणार नाही.

फुटण्याची वेळ

पिल्लू आतून ठोके दिल्यासारखं फुगतं आणि आकसतं. शरीरातला द्रव डोक्याकडे ढकलला जातो, दात झाकणावर दाबला जातो, कमकुवत रेष एका बाजूने फाटते. झाकण डबीसारखं उघडतं आणि बहुतेक वेळा एका कडेला अडकूनच राहतं. पिल्लू डोक्याने बाहेर येतं, हळूहळू वर सरकतं आणि कवचाच्या तोंडाशी भ्रूणवेष्टन मागे सोडतं. काळा दात त्या वेष्टनासकट तिथेच राहतो. सुरुवातीला पिल्लू मऊ आणि लालसर असतं. डोकं आणि छाती काळी पडायला थोडा वेळ लागतो, पोट लालच राहतं.

मदत करू नका. अर्धं बाहेर आलेलं पिल्लू ब्रशने ओढलं की पाय वेष्टनात अडकून तुटतात. हवा फार कोरडी असेल तर वेष्टन वाळून पिल्लाला चिकटतं आणि ते अर्ध्यावरच मरतं. अशी दोन-चार दिसली तर डब्यातल्या मिठाच्या वाटीकडे बघा, पाणी आटून नुसतं कोरडं मीठ उरलेलं असतं.

रिकामी कवचं फेकू नका

पुंजाचा खरा निकाल पिल्लं निघून गेल्यावर लागतो. झाकण सांध्यावर स्वच्छ उघडलेलं आणि तोंडाशी काळा दात, तर पिल्लू नीट निघालं. झाकण जागेवर पण त्यात किंवा बाजूला कुरतडल्यासारख्या ओबडधोबड काठाचं भोक, दात कुठेच नाही, तर आतून टेलेनोमससारखी अंड्यावरची चिमुकली परजीवी गांधीलमाशी निघाली. ती चावून वाट काढते, झाकणाचा सांधा तिला माहीत नसतो. टोचल्याची बारीक खूण आणि रिकामं, चेपलेलं कवच असेल तर कोणीतरी सोंडेने शोषलंय, बहुधा बरणीतल्याच प्रौढाने.

झाकण बंद, अंडं आकसलेलं, आत कधीच ठिपके दिसले नव्हते, तर अंडं वांझ होतं किंवा अगदी सुरुवातीला मेलं. ठिपके दिसले, दात काळा झाला आणि तरी झाकण बंदच, तर भ्रूण शेवटच्या टप्प्यात मेला आणि दोष बहुधा आर्द्रतेचा किंवा उष्णतेचा. या दोन प्रकारांत फरक केला नाही तर कारण कधीच सापडत नाही. पहिल्यासाठी नर-मादी आणि खाद्य बघायचं, दुसऱ्यासाठी डबा.

समजा पुंजात ४२ अंडी आहेत. ३५ झाकणाने उघडली, ४ ला भोक, ३ आकसलेली. उबवण ३५ भागिले ४२, म्हणजे ८३.३ टक्के. वहीत नुसता हा टक्का लिहू नका, ३५-४-३ असं लिहा. पुढच्या वेळी ३५ चे ३० झाले तर ती पाच कुठल्या रकान्यात गेली यावरच उपाय ठरतो.

परजीवी असल्याचा संशय असलेला पुंज पिल्लं निघाल्यावरही दोन आठवडे बंद कुपीत, कापसाच्या बोळ्याने तोंड बंद करून ठेवा. परजीवी पिल्लांच्या नंतर निघतात. पुंज उघड्यावर टाकलात तर तुमच्याच बरण्यांत त्या घुसतात. मलमल त्यांना अडवेलच असं नाही, म्हणून अंड्यांच्या डब्याला बारीक विणीचं कापडच लावा.

नेहमीच्या चुका

बुरशी. आर्द्रता हवी म्हणून लोक गाळणकागद चिंब भिजवतात. बुरशी आधी पानाच्या तुकड्यावर येते, तिथून अंड्यांच्या बुडाशी. हवा दमट आणि पृष्ठभाग कोरडा, हे सूत्र धरा. डिशच्या झाकणाला आतून थेंब लटकत असतील तर पाणी जास्त झालंय.

मुंग्या. रात्रीत पूर्ण पुंज गायब. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पाण्यात दोन थेंब साबणाचे, आणि मांडणी भिंतीला टेकू देऊ नका.

फवारणीचं पान. बरणीत घालायची डहाळी फवारलेल्या शेतातून आणली तर अंडी वाचतात, पिल्लं मरतात, कारण पिल्लू बाहेर पडल्यावर त्याच पानाला तोंड लावतं. निंबोळी तेल किंवा साबणाचं पाणी पुंजावर उडालं तर त्याची साय नळ्यांची तोंडं बुजवते आणि भ्रूण गुदमरतो.

फ्रिज. पुंज साठवून एकदम उबवण्याचा मोह होतो. उष्ण प्रदेशातल्या या जातीला ते मानवत नाही, नादी लागू नका.

धुणं. अंडी निर्जंतुक करायला काही जण ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवतात. शिकारी ढेकणांच्या आतड्यात जिवाणू पाळायचे कप्पे नसतात. रस पिणाऱ्या ढेकणांत असतात, आणि त्यांच्या माद्या अंड्यांवर जिवाणूंचा लेप देऊन ठेवतात, पिल्लं तो चाटतात. तिथे धुतलं की पिल्लांचा वारसाच धुतला जातो. तेव्हा जात पक्की ठरेपर्यंत धुणं नकोच. ठरल्यावरही, बुरशीचा त्रास नसेल तर कशाला?

पहिली काही दिवसांची पिल्लं

निघालेली पिल्लं रिकाम्या कवचांवरच घोळका करून बसतात. ती आजारी नाहीत, भुकेलीही नाहीत. शिकारी ढेकणाचं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत शिकार करत नाही. पोटातला उरलेला बलक, पाणी आणि थोडा पानाचा रस यावर त्याचं भागतं. या वेळी अळी टाकली तर ती घोळका उधळते, पिल्लं विखुरतात आणि वाळून मरतात. पाणी मात्र पहिल्या तासापासून हवं. ओला कापूस पिळून, थेंब न सुटेल इतपत दमट करून, पुंजापासून एक सेंटिमीटरवर ठेवा. थेंब असला की पिल्लू त्याला चिकटून बुडतं. एवढ्याशा जिवाला पाण्याच्या थेंबातून सुटता येत नाही.

घोळका स्वतःहून हलला, कवचांवर रिकाम्या काती दिसल्या, की दुसरी अवस्था सुरू झाली. त्याच दिवशी खाद्य द्या: दहा पिल्लांमागे एक गरम पाण्यातून काढलेली मध्यम अळी. ती एकत्र सोंड लावतात, एकेकट्याला वेगळी अळी द्यायची गरज नाही. खाद्य एक दिवस चुकलं तर उशिरा कात टाकणारं, मऊ अंगाचं भावंड आधी संपतं, आणि उशिरा फुटणारी अंडी अजून पुंजात असतील तर तीही. म्हणून पहिली कात दिसताच बंद झाकणांचा पुंज तिथून उचलून वेगळ्या डिशमध्ये ठेवा, आणि मगच अळी आत सोडा.